सांता क्लारा काउंटीत घर घेतलं; प्रॉपर्टी टॅक्स सॅन होजे सिटीकडे भरायचा की काउंटीकडे?

काउंटीकडे. कॅलिफोर्नियात घराची किंमत काउंटीचा असेसर (मूल्यांकन अधिकारी) ठरवतो आणि कर काउंटीच गोळा करते. मग तो शाळा, शहर वगैरेंमध्ये वाटला जातो. सांता क्लारा काउंटीच्या हद्दीत 15 शहरं आहेत, पण करवसुलीचं खातं एकच. सॅन होजेतल्या स्वतंत्र घरांच्या कचऱ्याचा आकारही बहुधा याच बिलात दिसेल, तो पाहून दचकू नका.

- पहिला हप्ता: 1 नोव्हेंबरपासून, शेवटची तारीख 10 डिसेंबर
- दुसरा: 1 फेब्रुवारीपासून, शेवटची तारीख 10 एप्रिल

तारीख चुकली की 10 टक्के दंड. ‘बिल मिळालंच नाही’ ही सबब चालत नाही, म्हणून पार्सल नंबर (तुमच्या मालमत्तेचा क्रमांक) टाकून ऑनलाइन स्वतः बघा. लोक खरे फसतात ते सप्लिमेंटल बिलात. विक्रीनंतर घराचं नव्याने मूल्यांकन होतं आणि जुन्या-नव्या किमतीतल्या फरकावरचा कर काही महिन्यांनी वेगळा येतो. बँक एस्क्रोतून (कर्जाच्या हप्त्यासोबत करासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून) नेहमीचं बिल भरत असली तरी हे बिल सहसा थेट तुमच्या नावावर येतं, भरायचंही तुम्हीच. स्वतः राहणार असाल तर होमओनर्स एक्झेम्प्शनचा अर्ज असेसरकडे द्या: करपात्र किंमत 7,000 डॉलरने कमी होते, म्हणजे वर्षाला जेमतेम 70 डॉलर वाचतात, पण अर्ज फुकट आहे.