नवं बेअरिंग टाकूनही मोटर पुन्हा वाजते तेव्हा

तुमची अडचण मला कळली ती अशी: पीठ मळायचा जुना प्लॅनेटरी मिक्सर, पट्ट्यावर चालणारी सिंगल फेज मोटर. पुलीच्या बाजूचं ६२०४ बेअरिंग दोनदा बदलून झालं. काही महिने बरं चालतं आणि परत घरघर सुरू. कारागीर म्हणतोय मोटरच बदला, आणि तुम्हाला वाटतंय की चांगल्या कंपनीचं बेअरिंग टाकलं तर टिकेल.

कंपनी बदलून फार काही साधणार नाही. मोटर फेकायचीही घाई करू नका. एकाच जागचं बेअरिंग पुन्हा पुन्हा जातं तेव्हा बहुतेक वेळा दोष बेअरिंगचा नसतो. ते ज्यात बसतं ते घर, ज्यावर बसतं तो शाफ्ट किंवा त्याला ओढणारा पट्टा, यांपैकी काहीतरी बिघडलेलं असतं. नुसता नंबर बघून बेअरिंग बदलणाऱ्याला हे दिसतच नाही.

आधी आवाज मोटरच्या बेअरिंगचाच आहे का, ते पक्कं करा. मशीन चालू असताना वीज तोडा. आवाज त्या क्षणी गेला तर तो विजेचा गुणगुणाट आहे, बेअरिंगशी त्याचा संबंध नाही. मोटर फिरत फिरत थांबेपर्यंत घरघर येत राहिली तर दोष यांत्रिक. मग पट्टा उतरवून नुसती मोटर चालवून बघा. इथे एक गोम आहे: घर ढिलं असेल तर पट्टा काढल्यावर मोटर अगदी शांत चालते आणि माणूस गिअरबॉक्सच्या मागे लागतो. म्हणून प्लग काढून पुली हाताने धरा आणि वर-खाली हलवा. बोटांना खटखट लागली तर आवाज नसला तरी मोटर उघडायची. शाफ्ट लांबीच्या दिशेने किंचित मागेपुढे होतो, ते चालतं. वर-खाली मात्र हलता कामा नये.

उघडण्याआधी कपॅसिटर (वीज बंद केल्यावरही त्यात वीज साठलेली राहते) रेझिस्टरमधून डिस्चार्ज करून मीटरने तपासा, आणि दोन्ही कव्हरांवर व बॉडीवर पंचाने खुणा करा, म्हणजे कव्हर होतं तसंच परत बसेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काढलेलं बेअरिंग लगेच भंगारात टाकू नका. पुसण्याआधी उजेडात धरून बघा. बाहेरच्या रिंगची पाठ चकचकीत घासलेली आणि तिच्यावर तांबूस-तपकिरी भुकटी असेल तर ती रिंग घरात फिरत होती. तुमच्याकडे हेच निघेल असा माझा अंदाज आहे. मग सील उचकटून आत बघा. ग्रीस काळं आणि काजळी धरल्यासारखं कोरडं असेल तर बेअरिंग तापत होतं. ग्रीस दुधाळ झालं असेल किंवा गंज दिसत असेल तर पाणी शिरलंय, आणि स्वयंपाकघरातल्या मशीनवर रोज पाइपने पाणी मारत असतील तर ते शिरणारच. गोळ्यांचा माग बाहेरच्या रिंगमध्ये तिरका गेला असेल तर काहीतरी वाकडं बसलंय. गोळ्यांच्या अंतराने सारखे खड्डे दिसले तर कुणीतरी बसवताना हातोडा चालवलाय. आणि मार्गात बारीक समांतर पट्टे दिसले तर बेअरिंगमधून वीज वाहत होती. जुन्या मशीनला नंतर थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) बसवली असेल तिथे हे दिसतं.

रोटरही, म्हणजे मोटरचा फिरणारा भागही बघा. त्याच्या आणि स्टेटरच्या, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागाच्या मधली फट मिलिमीटरच्या काही दशांशांएवढीच असते. एका बाजूला चमकदार ओरखडे असतील तर बेअरिंग इतकं खाल्लं गेलं की रोटर टेकू लागला होता. तसं असेल तर वाइंडिंग मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासल्याशिवाय पुढचा खर्च करू नका.

घर मोजायला व्हर्निअर पुरत नाही, बोअर गेज, म्हणजे भोकाचा आतला व्यास बारकाईने मोजणारं साधन लागतं. ६२०४ ची बाहेरची मापं ४७ मिमी व्यास आणि १४ मिमी रुंदी, आतलं भोक २० मिमी. एच-७ फिटमधलं (भोकाला किती फरक चालतो त्याच्या प्रमाणित मापातलं) घर ४७.०० ते ४७.०२५ मिमीच्या दरम्यान असतं. दोन-तीन खोलींवर आणि आडवं-उभं, असं दोन्ही दिशांनी मोजा. पट्टा सतत एकाच बाजूला ओढतो, त्यामुळे घर गोल न राहता लांबट होतं. मिलिमीटरचे काही शतांशच वाढलं असेल तर स्वच्छ पुसून रिटेनिंग कंपाउंड (फट भरून बेअरिंग पकडून ठेवणारा चिकट द्रव) लावून बेअरिंग बसवता येतं. कंपाउंड आत गोळ्यांकडे जाणार नाही एवढं बघा. त्याहून जास्त खाल्लं असेल किंवा लांबट झालं असेल तर लेथवर घर मोठं करून स्टीलचा बुश मारायचा आणि तो परत ४७ ला बोअर करायचा. टर्नरला कव्हर बॉडीत बसतं त्या खांद्यावरून सेंटर घ्यायला सांगा. जुन्या झिजलेल्या भोकावरून घेतला तर नवं भोकही सरकलेलंच येईल आणि रोटर एका बाजूला जाईल. कव्हर अॅल्युमिनियमचं असेल तर ते तापल्यावर बेअरिंगच्या स्टीलपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे थंडीत घट्ट वाटलेलं बेअरिंग गरम झाल्यावर ढिलं होतं.

घराला आतून पंचाने ठिपके मारून बेअरिंग ठोकून बसवणं, हा उपाय मला अजिबात मान्य नाही. बेअरिंग त्या ठिपक्यांच्या टोकांवर टेकतं, ती टोकं लवकरच दबतात आणि आपण पुन्हा तिथेच. तुमच्या दोन दुरुस्त्यांमध्ये हेच झालं असेल तर आत ठिपके दिसतीलच.

शाफ्टची गोष्ट उलटी. आतली रिंग शाफ्टवर घट्टच हवी. नवं बेअरिंग हाताने सरकत असेल तर शाफ्ट झिजलाय, त्यावर भरणी करून टर्न करावं लागेल.

बेअरिंग घेताना फक्त ६२०४ म्हणू नका. पीठ आणि पाणी दोन्ही असतं, म्हणून दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं टू-आर-एस घ्या. झेड-झेडचं पत्र्याचं झाकण पीठ थोडंफार अडवतं, पाणी नाही. जुन्यावर सी-थ्री (म्हणजे आत गोळ्या आणि रिंगांमध्ये नेहमीपेक्षा जास्त ढिलाई) लिहिलेलं असेल तर तेच घ्या: आतली रिंग जास्त तापते आणि शाफ्टवर ताणलेलीही असते, ती ढिलाई त्यासाठीच ठेवलेली असते. फार जुनं मशीन असेल तर भोक मोजून बघा. १२.७ किंवा १९.०५ मिमी आलं तर ते इंचाचं बेअरिंग आहे, त्याच्या जागी मेट्रिक ठोकू नका.

बसवताना आतल्या रिंगवरच टेकेल असा पाइप घेऊन दाबा. गरम करायचं असेल तर सीलवालं बेअरिंग ८० अंशांच्या वर नेऊ नका, आणि गॅसची ज्योत तर नकोच. मागच्या बाजूच्या घरात लाटेसारखी वळलेली वॉशर असते, ती घाईत हरवते आणि मग रोटर पुढेमागे आपटतो. कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा आणि प्रत्येक फेरीनंतर शाफ्ट हाताने फिरवा. सैल असताना मोकळा आणि आवळल्यावर जड, असं झालं तर कव्हर तिरकं बसलंय.

पट्टा तंतू दिसेपर्यंत ताणायची सवय असेल तर ती सोडा. पट्टा घसरला की लोक ताण वाढवतात, आणि तो सगळा भार पुलीच्या बाजूच्या बेअरिंगवर येतो. पुलीच्या खाचा झिजून पट्टा तळाला टेकत असेल तर कितीही ताणा, तो घसरणारच. तेव्हा पुली बदला. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, ते सरळ पट्टी लावून बघा.

वाइंडिंग जळकं नसेल, शाफ्ट वाकडा नसेल आणि कव्हर फुटलेलं नसेल तर या मोटरसाठी खर्च करायला हरकत नाही. जुन्या मशीनच्या मोटरचा फ्लँज (मोटर मशीनला बोल्टने जोडायची कड) बऱ्याचदा आजच्या मापात बसत नाही, आणि नवी मोटर बसवायला जे कापाकापीचं काम निघतं त्यापेक्षा बुश मारणं सोपं.

जुन्या बेअरिंगच्या पाठीचा फोटो आणि घराची मापं टाका, म्हणजे कंपाउंडवर भागेल की बुशच लागेल ते सांगतो.