जर्मनीला बेली डान्स घेऊन जायचंय? सरकारदरबारी तुम्ही एक नाही, तीन आहात

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 36, नऊ वर्षं बेली डान्स शिकवताय, कार्यक्रम करताय, दोन मोठे प्रयोग स्वतः उभे केलेत. आता हे तिन्ही जर्मनीत करायचंय, तर सुरुवात कुठून करायची?

सुरुवात एका गोष्टीपासून करा. तुमच्या दृष्टीने हे एकच करिअर आहे, पण इथल्या कार्यालयांना त्यात तीन माणसं दिसतात. नाचणारी कलाकार, शिकवणारी शिक्षिका आणि इतरांना पैसे देऊन प्रयोग लावणारी निर्माती. तिघींचे नियम वेगळे, कर वेगळे. इथे येऊन अडकलेल्या बहुतेक नर्तकी नाचात कमी पडलेल्या नसतात. दुसरी आणि तिसरी भूमिका कुठे नोंदवायची हे त्यांना वेळेवर कळलेलं नसतं, इतकंच.

आधी व्हिसा. स्वतंत्र व्यावसायिकांसाठी निवास कायद्याचं कलम 21, उपकलम 5 लागू होतं. भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून येऊन इथे परवाना बदलून घेता येत नाही, राष्ट्रीय व्हिसा भारतातूनच घ्यावा लागतो. शुल्क 75 युरो. 45 वर्षं ओलांडलेल्यांना म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते, तुम्ही त्यातून सुटलात. खरी कसोटी म्हणजे तुमच्या कामाला इथे मागणी आहे हे कागदावर दिसणं. त्यासाठी इथल्या नृत्यशाळा, रेस्टॉरंट, नाट्यगृह यांच्याकडून इरादापत्रं आणायची. "आम्हाला यांच्यासोबत काम करायला आवडेल" अशा पत्राला काही वजन नसतं. आठवड्याला किती तास, तासाला किती युरो, कोणत्या महिन्यापासून किती काळ, खाली सही आणि संस्थेचा पत्ता, एवढं असलेली दोन पत्रं कौतुकाच्या दहा पत्रांना भारी पडतात. या आकड्यांची बेरीज तुमच्या उत्पन्नाच्या अंदाजपत्रकाशी जुळली पाहिजे.

अर्जात व्यवसायाच्या रकान्यात नुसतं "नर्तकी" लिहू नका. परवान्यावर कोणत्या कामाला मुभा आहे ते छापलेलं असतं. तिथे फक्त नर्तकी असेल, तर शिकवण्यासाठी परवाना वाढवून घेण्याची फेरी पुन्हा करावी लागते. नर्तकी, नृत्यशिक्षिका आणि स्वतःच्या प्रयोगांची निर्माती, तिन्ही सुरुवातीलाच लिहा. निर्मितीपुढचं "स्वतःच्या" हे विशेषण शोभेचं नाही. कलाकार आणि शिक्षक मुक्त व्यवसायात मोडतात, पण दुसऱ्यांचे कार्यक्रम लावून तिकिटं विकणं हा गेवेर्बे, म्हणजे व्यापार धरला जातो, आणि त्याची नोंदणी वेगळी. पोशाख आणून विकलेत तर तोही व्यापारच. पहिल्या दिवसापासून तीन वह्या ठेवा.

आल्यावर घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची. त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो, म्हणून "नोंदणी होणार नाही" अशी अट असलेली खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. मग फिनान्सआम्टचा, म्हणजे कर कार्यालयाचा, ऑनलाइन प्रश्नसंच भरायचा आणि करक्रमांकाची वाट बघायची. तो यायला आठवडे लागतात आणि त्याच्याशिवाय नियमानुसार बिल करता येत नाही. मागच्या वर्षीची उलाढाल 25,000 युरोपर्यंत असेल तर छोट्या व्यावसायिकाची सवलत घेऊन बिलावर विक्रीकर न लावण्याची मुभा आहे. पहिल्या वर्षी ती घ्यावी.

आता शिक्षिका, कारण सर्वात महागडी चूक इथे होते. ज्यांच्याकडे कोणी नोकरीला नाही अशा स्वतंत्र शिक्षकांना सरकारी पेन्शन विमा सक्तीचा आहे. दर 18.6 टक्के, आणि अर्धा वाटा उचलायला मालक नसल्याने सगळा स्वतःच्या खिशातून. काम सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. कोणी आठवण करून देत नाही, मग एक दिवस तपासणी होते आणि मागच्या चार वर्षांची वसुली एकदम येते. वर्षाला 10,000 युरो नफा धरला तरी ती 7,440 युरो होते. कळवलंत तर पहिली तीन वर्षं निम्मा प्रमाण हप्ता भरण्याची सोय आहे.

यातून सुटण्याचा चांगला रस्ता म्हणजे केएसके, कलाकारांची सामाजिक विमा निधी संस्था. तिथे प्रवेश मिळाला की आरोग्य, शुश्रूषा आणि पेन्शन या तिन्हींचा निम्माच हप्ता तुम्ही भरता. वर्षाला किमान 3,900 युरो नफा हवा, पण व्यवसायाच्या पहिल्या तीन वर्षांत ती अट नाही. व्हिसासाठी खाजगी आरोग्य विमा घेतलेल्यांना सरकारी विम्यात शिरायलाही हाच दरवाजा सोयीचा आहे. अडचण अशी की हौशी लोकांचा नृत्यवर्ग ही कला की व्यायाम, यावर केएसके हुज्जत घालते. म्हणून अर्जासोबत रंगमंचावरच्या कामाचे पुरावे पुढे ठेवा: करार, जाहिरातपत्रकं, परीक्षणं, बिलं. "बेली डान्स फिटनेस" असं नाव असलेल्या वर्गाचं पत्रक जोडलंत तर अर्ज तिथेच संपला समजा. आपल्या कलेला इथे सभ्य कागदावर "ओरिएंटालिशर टान्झ" म्हणतात. "बाउखटान्झ" हा शब्द लोकांच्या तोंडी आहे, तो पोस्टरवर चालेल.

वर्ग कुठे मिळतील? फोल्क्सहोखशूले, म्हणजे नगरपालिकांच्या प्रौढशिक्षण शाळा, हा नवख्यांसाठी चांगला आधार. मानधन 45 मिनिटांच्या तासिकेवर. सत्रं साधारण फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबरला सुरू होतात आणि कार्यक्रमपत्रिका कित्येक महिने आधी ठरते, म्हणजे ऑगस्टमध्ये दार ठोठावलंत तर पुढच्या वसंतातलं काम मिळेल. ठरलेल्या संख्येपेक्षा कमी नावं आली की वर्ग रद्द, आणि मानधन शून्य. शिवाय 28 जून 2022 ला संघीय सामाजिक न्यायालयाने हेरेनबर्गच्या एका संगीतशिक्षिकेला नोकरदार ठरवलं, तेव्हापासून अनेक संस्था स्वतंत्र शिक्षक घ्यायला बिचकतात. कराराचा मसुदा त्यांच्याकडून आला की वेळापत्रक कोण ठरवतं आणि बदली शिक्षक पाठवता येतो का, ही दोन कलमं आधी वाचा.

भाषेला पर्याय नाही. निदान बी-1 पातळी हवी, आणि त्याहून आधी अंगाचे शब्द. वजन पेलणारा पाय तो श्टांडबाइन, मोकळा पाय तो श्पीलबाइन. हे दोन शब्द आले की नितंबाची अर्धी हालचाल समजावून होते. इथल्या विद्यार्थिनींना कमी लेखू नका. वीस-वीस वर्षं शिकणाऱ्या बायका वर्गात असतात आणि मक्सूम आणि मल्फूफ या तालांमधला फरक त्या कानाने ओळखतात. भारतीय चेहरा दिसला की बॉलिवूड मागितलं जाईल. पहिल्या वर्षी नाकारू नका, पण दर आणि नाव वेगळं ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी तुम्ही बॉलिवूडवाल्याच उराल.

कार्यक्रमांबद्दल कमी सांगतो. रेस्टॉरंटमध्ये पंधरा-वीस मिनिटांचे दोन भाग असतात, फरशी घसरडी, टेबलांवर जळत्या मेणबत्त्या. रेशमी ओढणीचा भाग ठेवायचा असेल तर पहिल्या रांगेतल्या मेणबत्त्या उचलायला आधी सांगा. तुर्की लग्नांत पैसे बरे मिळतात, पण 9/8 तालातला कारशिलामा हा नाच येत नसेल तर पुन्हा बोलावणं येत नाही. पोशाखात नोटा खोचणं चालणार की नाही हे यजमानाशी आधीच ठरवून करारात लिहा. शमदानवर, म्हणजे डोक्यावर घेऊन नाचायच्या दीपदानावर, खऱ्या मेणबत्त्या लावायला सभागृहाची आणि बहुधा अग्निशमन दलाचीही परवानगी लागते, म्हणून एलईडी वापरा. तलवार बोथट हवी आणि ट्रेनमधून नेताना बंद पेटीत. रंगमंचावर सूट आहे, फलाटावर नाही.

तिसरी भूमिका निर्मातीची. संगीताचे हक्क गेमा ही संस्था सांभाळते. प्रयोगाआधी नोंद केली नाही तर दुप्पट आकारणी होते. गाण्यांच्या यादीत गायिकेचं नाव पुरत नाही, संगीतकार लिहावा लागतो. "जुनी इजिप्शियन गाणी फुकट" हा समज चुकीचा आहे. इजिप्शियन संगीतकार मोहम्मद अब्देल वहाब 1991 मध्ये गेले, म्हणजे त्यांचं संगीत 2061 संपेपर्यंत संरक्षित आहे.

इतर नर्तकींना दिलेल्या मानधनावर निर्मातीने केएसकेला वेगळं शुल्क भरायचं असतं, 2025 ला ते 5 टक्के होतं. त्या नर्तकी स्वतः केएसकेत आहेत की नाहीत, याचा संबंध नाही. आकडे 31 मार्चपर्यंत कळवायचे. विदेशातून पाहुणी बोलावलीत तर तिच्या मानधनातून 15 टक्के कर आणि त्यावर 5.5 टक्के अधिभार, म्हणजे 15.825 टक्के कापून तुम्हीच भरायचा. एका प्रयोगाला 250 युरोपर्यंत माफी आहे. कैरोच्या कलाकार बहुधा "हातात 600 युरो" असं ठरवतात. मग हिशोब उलटा करावा लागतो: 600 भागिले 0.84175, म्हणजे 712.80 युरो. वरचे 112.80 तुमच्या खिशातून, आणि 5 टक्के शुल्कही या मानधनावर लागतं. चार स्थानिक नर्तकी प्रत्येकी 200 युरोवर घेतल्या तर मानधन 800 आणि शुल्क 40. 25 युरो तिकिटाने 120 खुर्च्यांच्या सभागृहात 60 टक्के खुर्च्या भरल्या तर 1,800 येतात. भाडं, प्रकाशयोजना, गेमा, छपाई यांना उरतात जेमतेम 211. म्हणून पहिला प्रयोग पाहुणीशिवाय करा, आणि 200 पेक्षा जास्त प्रेक्षकांचं सभागृह घेऊ नका. त्यावर सुरक्षेचे वेगळे नियम लागतात.

राहिले पोशाख. वर्षभराहून जास्त काळ युरोपीय संघाबाहेर राहून इथे स्थायिक होणाऱ्यांना सहा महिने वापरलेलं सामान जकातीशिवाय आणता येतं. प्रत्येक बेदलाहचा, म्हणजे नाचाच्या पोशाखाचा, फोटो, खरेदीची तारीख आणि किंमत यांची यादी सोबत ठेवा. कोरे करकरीत पोशाख त्यात घुसवू नका, विमानाने येताना नव्या वस्तूंची मर्यादा 430 युरो आहे. असं सोडवलेलं सामान बारा महिने विकता येत नाही. पहिल्याच हाफ्लात, म्हणजे नर्तकींच्या मेळाव्यात, कोणीतरी तुमचा पोशाख विकत मागेल, तिला पुढच्या वर्षीची तारीख द्या.