निचऱ्याचा ईसी मोजल्याशिवाय खत वाढवू नका

प्रश्न : पॉलिहाऊसमध्ये कोकोपीटच्या (नारळाच्या भुशाच्या) ग्रोबॅगवर, म्हणजे पिशव्यांत, टोमॅटो आहे. पानांच्या कडा करपतात, फळाच्या तळाशी काळा खोलगट डाग पडतो. विक्रेता म्हणतो, पोटॅश वाढवा आणि वरून कॅल्शियम फवारा. काय करू? आणि अनुदान घ्यायचे तर खरेदी कधी करू?

उत्तर : पोटॅश वाढवू नका. डाग कॅल्शियम कमी पडल्याचा आहे, हे खरे. पण ते फळात कमी पडले आहे, टाकीत असेलच असे नाही. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर चढते. पिशवीत खताचे क्षार साचले की मुळांना पाणी ओढता येत नाही आणि फळ उपाशी राहते. त्यात पोटॅश वाढवले तर ते कॅल्शियमची वाट आणखी अडवते. फवारणीचाही फारसा उपयोग नाही. पानावर पडलेले कॅल्शियम पानातच राहते, फळात उतरत नाही. अशी कितीतरी पॉलिहाऊस पाहिली, बहुतेक ठिकाणी खत जास्तच झालेले होते.

ड्रिपरखालचे आणि पिशवीतून निचरणारे, दोन्ही पाण्यांचा ईसी (विरघळलेल्या क्षारांचे माप) मोजा. निचऱ्याचा ईसी ड्रिपरखालच्या पाण्यापेक्षा 1 mS/cm किंवा त्याहून अधिकने वर असेल तर पिशवी धुवा. साध्या पाण्याने नाही, फळे तडकतील! नेहमीच्या निम्म्या ताकदीचे द्रावण सकाळपासून थोडे थोडे सोडा, ईसी उतरेपर्यंत. पुढे रोज दिलेल्या पाण्याच्या 20 ते 30 टक्के निचरा होऊ द्या. द्रावणाचा सामू (पीएच) 5.5 ते 6.5. पहिले पाणी सूर्योदयानंतर तासा-दोन तासांनी, शेवटचे सूर्यास्ताच्या दोन तास आधी. रात्री पिशवी चिंब ठेवली तर मुळे गुदमरून सडतात. डाग पडलेली फळे बरी होत नाहीत, तोडून टाका.

कॅल्शियम नायट्रेट सल्फेट-फॉस्फेटच्या खतांबरोबर एकाच तीव्र द्रावणात टाकू नका. साका तळाशी बसतो, ड्रिपर तुंबतात. ‘सगळे एकत्र चालते’ असे दुकानात कोणी सांगितले तरी दोन टाक्या वेगळ्याच ठेवा.

अनुदानाचेही विचारले आहे : पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी करू नका.

आजपासून वही घाला. रोज दिलेल्या आणि निचरलेल्या पाण्याचे प्रमाण, ईसी, सामू. सात दिवसांचे आकडे मला पाठवा. तोपर्यंत खताची एक पुडीही जास्त नको, कोणी कितीही सांगो.