टोक दिसेना, चावा कळेना

प्रश्न : संध्याकाळी खाडीच्या जेटीवर गळाचा रॉड लावून बसतो. अंधारलं की रॉडचं काळं टोक हललेलं दिसत नाही आणि मासा आमिष फस्त करून जातो. फ्लोरोसंट नारिंगी रंग लावू का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : दिवसा झकास दिसेल. पण हा रंग स्वतः उजळत नाही, त्याला उजेडातले अतिनील आणि निळे-हिरवे किरण लागतात. दिवस मावळला की तोही विझतो. तुम्ही शेवटचे १५-२० सेंटीमीटर पांढरे करा. बारीक पॉलिश पेपरने हलकं घासून पांढऱ्या नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्या. जाड थराने टोक जड होतं. ज्यांतून गळाची दोरी जाते त्या कड्यांच्या आत मात्र रंग नको, दोरी घासते. बॅटरी बाजूने टोकावर मारा, पाण्यावर नव्हे. अमावास्येला बारीक लाइट स्टिक (अंधारात चमकणारी कांडी) टेपने टोकाला चिकटवा. चावा कळायला टोकाला घुंगरू? मला नाही पटत. वाऱ्यानेच जास्त वाजतं.