हाड जुळते, अस्थिबंध रेंगाळतो : ऊतींविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : नववीच्या वर्गात ऊतींचे, म्हणजे एकसारखे काम करणाऱ्या पेशीसमूहांचे, चार प्रकार (अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता) शिकवताना विद्यार्थी हमखास विचारतात, की वाहणारे रक्त हाडांच्या पंगतीला, म्हणजे संयोजी ऊतींमध्ये, कसे बसवले? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : संयोजी ऊती ओळखताना पेशींपेक्षा त्यांच्या भोवतालच्या आधारद्रव्याकडे पाहावे. अभिस्तर ऊतींत, म्हणजे त्वचेसारखी आवरणे बनवणाऱ्या ऊतींत, पेशी एकमेकींना खेटून असतात. संयोजी ऊतींत त्या विखुरलेल्या असतात आणि मधली जागा आधारद्रव्याने भरलेली असते. हाडात ते कॅल्शिअमच्या क्षारांमुळे कठीण, कास्थीत (कूर्चेत) लवचीक, तर रक्तात द्रवरूप असते, आणि रक्ताचा सुमारे ५५ टक्के भाग व्यापणारा रक्तद्रव हेच त्याचे आधारद्रव्य होय. शिवाय रक्त आणि बहुतेक हाडे भ्रूणाच्या एकाच थरापासून, मध्यस्तरापासून, घडतात. प्रकार चारच का, असेही कोणी विचारले तर सांगावे, की फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ झाव्हिए बिशा यांनी १८०१ मध्ये सूक्ष्मदर्शकाची मदत न घेता २१ ऊती मांडल्या होत्या. पुढे पेशी दिसू लागल्या, तशी चारांची विभागणी अधिक सोयीची ठरली.

प्रश्न : घोटा मुरगळून माझ्या आईचा अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारा पट्टा) फाटला. तीन महिने झाले, तरी दुखणे थांबत नाही. त्याच सुमारास मोडलेले शेजारच्या मुलाचे मनगट मात्र सहा आठवड्यांत जुळले. हाड मोडणे परवडले, असे म्हणायचे का? (पुणे)

उत्तर : मुलांची हाडे लवकर जुळतात, हा वयाचा भाग सोडला तरी आपल्या निरीक्षणात तथ्य आहे. हाड ही रक्तवाहिन्यांनी भरलेली जिवंत ऊती आहे. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते, मग तेथे मऊ जोड तयार होतो, त्याचे हाड बनते आणि पुढे कित्येक महिने त्याची घडण सुधारत राहते. त्वचेच्या खोल जखमेवर उरतो तसा व्रण न ठेवता हाड मूळच्याच ऊतीने भरून येते. अस्थिबंधात कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू दाट, पेशी मोजक्या आणि रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. तेथील नवे तंतू सुरुवातीला अस्ताव्यस्त रचले जातात आणि ताण पडेल तसे, कधी कधी वर्षभरानेही, ओळीत येतात. म्हणूनच डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम टाळून केवळ पाय उशीवर ठेवून बसणे हिताचे नाही. घोटा चालताना दगा देत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना पुन्हा दाखवावे.

याहून बिकट अवस्था सांध्यातील कास्थीची. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात, सांध्यातील द्रवातून झिरपेल तेवढ्यावरच तिच्या पेशी जगतात. झिजलेली कास्थी चोळून पुन्हा वाढवण्याचे आश्वासन देणाऱ्या तेलांच्या जाहिरातींवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : माझा भाऊ अनेक वर्षे खर्रा खातो. आता त्याच्या तोंडात दोन बोटेही नीट जात नाहीत आणि तिखट सोसत नाही. गालाचे स्नायू आखडले आहेत का? खर्रा सोडल्यावर तोंड पूर्वीसारखे उघडेल का? (चंद्रपूर)

उत्तर : विदर्भाबाहेरील वाचकांसाठी सांगतो, की खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेले मिश्रण. भावाला तपासल्याशिवाय निदान करता येणार नाही, पण ही लक्षणे सुपारीमुळे होणाऱ्या एका परिचित विकाराची आहेत आणि त्याचे मूळ स्नायूंत नसते. गालाच्या आतून अनेक थरांचे अभिस्तर असते आणि त्याखाली सैल संयोजी ऊती असते; तिच्यामुळेच गाल ताणला जातो. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य या ऊतीतील तंतू तयार करणाऱ्या पेशींना चेतवते, त्यामुळे कोलॅजेन गरजेपेक्षा जास्त साठते. सुपारीतील तांब्यामुळे ते तंतू एकमेकांत घट्ट गुंफले जातात, आणि मग शरीराला ते मोडून काढणेही जमेनासे होते. गालात पांढरट, ताठ पट्टे हाताला लागतात. वरचे अभिस्तर पातळ होत जाते, म्हणून तिखट झोंबते.

जमलेले तंतू बहुधा पूर्णपणे मागे हटत नाहीत. खर्रा आजच सोडला, तर विकाराची वाढ रोखता येते. व्यायामाने आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियेने तोंड काही प्रमाणात उघडते. मात्र खरी काळजी कर्करोगाची आहे, कारण पातळ झालेल्या त्याच अभिस्तरात तो उद्भवू शकतो. ‘मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ हा युक्तिवादही टिकत नाही, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाच माणसांत कर्करोग निर्माण करणारी ठरवले आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारीची सवय सुटलेली नाही. भावाला विनाविलंब दंत महाविद्यालयातील मुखशल्यचिकित्सकांकडे न्यावे आणि त्यांनी सुचवल्यास ऊतीचा तुकडा तपासून घ्यावा.

प्रश्न : व्यायामशाळेत दंड वाढतात, म्हणजे स्नायूंच्या पेशी वाढतात का? (नाशिक)

उत्तर : मुख्यतः पेशींची संख्या नव्हे, तर प्रत्येक स्नायुतंतूची जाडी वाढते. हृदयाच्या स्नायूला झटक्यानंतर झालेली हानी भरून काढणे जवळजवळ अशक्य असते. तेथे व्रणाची ऊती तयार होते.

प्रश्न : काच लागून माझी मनगटाजवळची चेता (संवेदना वाहून नेणारी नस) तुटली होती. ती शिवून चार महिने झाले, तरी बोटांची टोके बधिरच आहेत. शस्त्रक्रिया फसली का? (ठाणे)

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. तुटलेला चेतातंतू टाक्यापासून पुढे दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, आणि तोही पहिल्या काही आठवड्यांच्या खोळंब्यानंतर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे सतरा-अठरा सेंटीमीटर अंतर कापायला सहा-सात महिने सहज लागतात. हाताच्या चेतेत तंतूभोवतीच्या पेशी त्याला वाट दाखवतात. मेंदू आणि मेरुरज्जूत अशी सोय नसल्याने तेथे तुटलेले तंतू सहसा पुन्हा जोडले जात नाहीत. टाक्याच्या जागेपासून बोटांकडे हलकेच टिचकी मारल्यावर मुंग्या येण्याची जागा महिन्यागणिक पुढे सरकते का, हे आपल्या शल्यचिकित्सकांकडून तपासून घ्यावे. सरकत नसेल, तर वाट पाहत बसू नये. तोवर त्या हाताने तवा किंवा गरम पातेले उचलू नका, कारण भाजल्याचे आपल्याला कळणारच नाही.