कॅनडात फार्मासिस्ट व्हायचं म्हणतोस तर

गोव्यातून, साखळीहून लिहिलेलं तुझं पत्र वाचलं. पणजीच्या फार्मसी कॉलेजातून बी.फार्म. झालास, वेर्ण्याला कंपनीत पाळ्या करतोस, आणि 'कॅनडात डिग्रीला किंमत मिळेल ना, ताई?' असं विचारतोस. कागदपत्रांची छाननी, मग आपलं शिक्षण तपासणारी इव्हॅल्युएटिंग परीक्षा, मग लायसन्ससाठीच्या क्वालिफायिंग परीक्षेचे दोन भाग, ही माहिती तुला कुठेही मिळेल. मी दुसरंच सांगते.

लायसन्स मिळेपर्यंत मी फार्मसीत असिस्टंट होते. ट्रेवर स्पॅच्युलाने पाच-पाच गोळ्या सरकवत मोजायच्या, म्हाताऱ्या माणसांच्या आठवड्याच्या गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा ब्लिस्टरमध्ये भरायच्या, विम्याने क्लेम नाकारला की फोन धरून बसायचं, रात्री काउंटर पुसायचा. मालकीणबाई स्वतः फार्मासिस्ट, त्याही तेच फडकं उचलायच्या. मला कमीपणा वाटला नाही. वाईट याचं वाटलं, की हेच काम मी फोंड्यात केलं असतं तर 'एवढी शिकून दुकानात उभी?' असं घरच्यांनीच म्हटलं असतं. आपल्याकडे कितीतरी पोरं मेडिकलवाल्याच्या भिंतीवर आपलं सर्टिफिकेट लावून महिन्याचे पैसे घेतात आणि सरकारी जाहिरातीची वाट बघतात. लोक त्यांना आळशी म्हणतात, ते मला पटत नाही. काउंटरवर उभं राहून शिकण्यासारखं काही असतं, हे त्यांना घरी-दारी कुणी सांगितलेलंच नाही. बाबा अजूनही शेजाऱ्यांना सांगतात, मुलगी तिकडे मोठ्या हॉस्पिटलात आहे. मी काउंटरवर आहे. फोनवर ते कानावर पडलं की पोटात तुटतं.

क्वालिफायिंगच्या दुसऱ्या भागात समोर पेशंटचं सोंग घेतलेला माणूस असतो. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असलेली बाई डोकेदुखीवर अ‍ॅस्पिरिन मागते, म्हणजे रक्तस्रावाचा धोका. तू तिला काय विचारशील, कसं समजावशील? पुस्तक तोंडपाठ असलेले इथेच अडकतात.

कागदांचं मात्र आत्ताच बघ. मार्कांचा उतारा तुझ्या हातून चालत नाही, विद्यापीठातून थेट सीलबंद जावा लागतो. माझं पाकीट एका कचेरीत नुसतं सहीसाठी पडून होतं. साहेब गणपतीच्या चवथीनंतर येतील, एवढंच उत्तर.

तुझं अजून लग्न नाही, तरी सांगते. शाळेच्या फॉर्मवर 'घरची भाषा मराठी' लिहिलं म्हणून माझ्या चौथीतल्या मुलीला रोज वर्गातून उठवून इंग्रजीच्या जादा तासाला नेत. ती इंग्रजी पुस्तकं घडाघडा वाचायची! बाईंनी चांगल्या मनानेच केलं असेल, पण पोरीने मैत्रिणींसमोर मराठी बोलायचं सोडलं ते सोडलंच. मला ते अजून सहन होत नाही.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. कामाची पाळी लागली की मागे पडतो.

तू असं कर. सकाळची पाळी असेल त्या आठवड्यात संध्याकाळी साखळीतल्याच एखाद्या चांगल्या मेडिकलमध्ये उभा राहा. पैसे कमी मिळाले तरी चालेल, पण गिऱ्हाइकाशी तू स्वतः बोल. आणि आईला सांगून जा, लपवून नको.