धाकट्याला संगट घे

प्रिय सई,

शनिवारी सायकलला कुलूप लावता लावता तू विचारलंस, "बाबा, मी पंधरा वर्षांची, ओम नऊचा. कोल्हापुरात मला महाद्वार रोडला जायचं होतं, तर आजी म्हणाली, ओमला घेऊन जा. म्हणजे त्याला माझ्याबरोबर पाठवलं, की मला त्याच्याबरोबर?" मी "अगं, गर्दी असते तिथं" असं काहीतरी म्हणालो आणि तू मान उडवून आत गेलीस. तो प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. बोलताना मी सावरासावर करतो, म्हणून लिहितोय. कुठं अडलीस तर आईला विचार.

तुला ठाऊक नसेल, पण आजीचं ते वाक्य जुनं आहे. "धाकट्याला संगट घे आणि पाचाच्या आत घरात." मंगळवार पेठेतल्या घरात ते रोज कानावर पडायचं. त्यातला धाकटा म्हणजे मी. आणि ते ऐकणारी तुझी आत्या, आमची आक्का. ती तेव्हा तुझ्या वयाची होती आणि मी ओमच्या.

मे महिन्याच्या सुट्टीत जेवणं झाली की अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, आडवे व्हायचे. आक्का वेणी घालायची, वाचून झालेली पुस्तकं पिशवीत टाकायची आणि म्हणायची, "आई, मी वाचनालयात जाऊन येतो." (आमच्याकडच्या मुली असंच बोलतात, तुला ऐकताना हसू येतं ते.) करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं. आमच्या घरात पुस्तकं फारशी नव्हती, त्यामुळे आक्काचं जग त्या कपाटांमध्ये होतं. पुस्तक बदलणं हे बाहेर पडायचं सगळ्यात सभ्य कारण. त्यावर अण्णांनाही काही म्हणता येत नसे.

खरी दुपार मात्र वाचनालयाच्या आधी आणि नंतर असायची. आम्ही पहिल्यांदा खासबागेकडे वळायचो, कारण तो माझा हट्ट. शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधलेलं ते कुस्तीचं मैदान तू पाहिलंस. मध्ये कुस्तीचा मातीचा हौदा आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बसायची जागा. मला तिथली लाल माती बघायची असायची. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मुरवलेली ती माती एकदा मुठीत घेतली की संध्याकाळपर्यंत हाताला वास राहायचा. मी आत पळायचो. आक्का केशवराव भोसले नाट्यगृहाच्या सावलीत पुस्तकांची पिशवी छातीशी धरून उभी राहायची. तालमीच्या दारातही तसंच. मी आत, ती बाहेर. मला वाटायचं, तिला कुस्ती आवडत नाही. (2024 च्या ऑगस्टमध्ये त्या नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा आक्काने मला रात्री फोन केला होता. तिला धड बोलताही येत नव्हतं. त्या भिंतीशी तिचं किती उभं राहून झालं होतं, ते मला त्या रात्री समजलं.)

वाचनालयात उलटं व्हायचं. ती कपाटांपुढे हरवून जायची आणि मी बाकावर पाय हलवत बसायचो. कंटाळलो की तिची ओढणी ओढायचो. तिथून भवानी मंडपातून, अंबाबाईच्या देवळाला वळसा घालून गुजरीत. सोनारांच्या काचेपुढे आक्का थांबायची ती कोल्हापुरी साज बघायला. त्याची एकवीस पानं तिने मला तिथंच शिकवली. दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि शेवटचं डोरलं. मासा कुठला, कासव कुठलं ते काचेवर बोट ठेवून ओळखायचं. मी चुकलो की पुन्हा पहिल्यापासून. शाळेत दशावतार पाठ करायची वेळ आली, तेव्हा सगळ्या वर्गात मला एकट्याला अडखळायला झालं नाही. आक्काच्या लग्नात साज झाला नाही. तेवढं जमलं नाही आम्हाला. ठुशी झाली.

मग महाद्वार रोड. बांगड्या, पेढे, कापडाची दुकानं, आणि पुढे पापाच्या तिकटीला चपला. काहीच विकत घ्यायचं नसायचं. रुमालाच्या गाठीत जे काही असेल त्यात बर्फाचा एक गोळा यायचा, आणि पहिला व शेवटचा घोट माझा हे ठरलेलं. इथं नेदरलँड्समध्ये, आयंडहोवनला, तुम्ही मुलं बाहेर पडता ती कुठंतरी पोचायला. सराव, वाढदिवस, पोहणं. आम्ही कुठंच पोचायला निघत नव्हतो. हे मी चांगलं म्हणून सांगत नाही, तुमचं वाईट असंही नाही. पण मला माझं गाव माहीत आहे ते त्या रिकाम्या चालण्यामुळे, आणि ते चालणं आक्कामुळे.

आता तुझा प्रश्न. नऊ वर्षांचा मी तिला कशापासून वाचवणार होतो? कशापासूनच नाही. रस्ता ओलांडताना माझं मनगट तिच्या हातात असायचं. माझं काम घरी परतल्यावर सुरू व्हायचं. आई ताटं मांडता मांडता विचारायची, "कुठं कुठं गेलतासा रे?" आणि ते मला विचारायची, आक्काला नाही. लहान पोर खोटं बोलत नाही, असा तिचा विश्वास.

एका दुपारी आम्ही गंगावेशीपर्यंत गेलो होतो. तिथं दुधाचा कट्टा आहे. आसपासच्या गावांतले लोक म्हशी घेऊन येतात आणि समोर धार काढून फेसासकट पेला हातात देतात. गिऱ्हाईक बहुतेक पुरुष, त्यात पैलवान फार. मी पेला संपवला आणि मिशी पुसली. आक्का नेहमीसारखी मागे उभी होती. ती एकदम पुढे आली आणि म्हणाली, "मामा, मला पण एक." त्या माणसाने वर बघितलंसुद्धा नाही, दुसऱ्या पेल्यात धार धरली. तिने उभ्यानं, सगळ्यांच्या देखत ते दूध प्यायलं. पेला परत दिला, ओठ पुसले आणि मला म्हणाली, "घरी सांगू नको." एवढंच. दूध प्यायल्याचं लपवावं लागतं, हे मला विचित्र वाटलं, पण त्या दिवशी आईने विचारल्यावर मी "वाचनालयात" म्हणालो आणि जेवत राहिलो. त्यानंतर मी नेहमी एवढंच सांगत आलो.

आजीवर रागावू नकोस, असं मला म्हणायचंय, पण ते म्हणताना माझी जीभ जड होते. तिच्या बाजूने एक सांगतो. ती स्वतः लग्नाआधी विहीर आणि शेत सोडून कुठं गेली नव्हती. अण्णा आक्काला एकटीला सोडणार नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. "धाकटा आहे की संगट" हे उत्तर तिने अण्णांसाठी तयार ठेवलेलं होतं, आणि त्या उत्तराच्या जोरावर आक्का उंबऱ्याबाहेर पडत होती. गल्लीत एकटी मुलगी दिसली की दहा जण विचारणार, कुठं चाललीस. हाताशी पोर असलं की कोणी विचारत नसे. आईने आक्काला अडवलं की वाट काढून दिली? मला अजून ठरवता येत नाही. दोन्ही खरं असावं. पण ताराराणीच्या गावात, जिथं चौकात ती घोड्यावर बसलेली आहे, तिथं मुलीला वाचनालयात जायला दुसरी-तिसरीतलं पोर लागावं, हे कसंही सांगितलं तरी बरं वाटत नाही.

मे महिन्यात तुम्ही दोघं झोपला होतात, तेव्हा मी आणि आक्का पुन्हा त्याच वाटेने गेलो. तू आल्यावर विचारलंस, इतका वेळ कुठं होतात, म्हणून सांगतो. आता ती मुख्याध्यापिका आहे, सगळीकडे स्कूटरवर जाते, तिला कुणाची सोबत लागत नाही. गुजरीत थांबून तिने मला पुन्हा पानं विचारली. दूध प्यायलो. मग रंकाळ्यावर जाऊन बसलो, सूर्य बुडेपर्यंत. तिथं मी तिला म्हणालो, लहानपणी किती मजा यायची ना आपल्याला. ती म्हणाली, "तुझ्यामुळं मी बाहेर पडायचो, ते खरं. पण तुझे पाय दुखले की मला परत फिरायला लागायचं. हा रंकाळ्यावरचा सूर्य मी लग्न झाल्यावर बघितला." रागाने नाही म्हणाली. मी मात्र त्यावर काही बोललो नाही.

त्या दुपारी मला माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर वाटतात. तिलाही वाटतात, पण तिच्या आठवणीत एक घड्याळ आहे, माझ्या नाही. तुझ्या प्रश्नाने मला हे बघायला लावलं.

आजीशी मी फोनवर बोललोय. पुढच्या वेळी तुला महाद्वार रोडला जायचं असेल तर जा, एकटी जा. फोन चार्ज केलेला असू दे, एवढंच, आणि ते मी ओमलाही सांगेन. त्याला घेऊन जायचं की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. त्याने खासबागेतल्या मातीबद्दल मला दोनदा विचारलंय, हे फक्त तुझ्या कानावर घालतो, त्यातून काही सुचवत नाही.

आणि तो जो तुझा प्रश्न आहे, कोणाला कोणाबरोबर पाठवलं, तो आत्याला विचार. माझं उत्तर आत पळणाऱ्याचं आहे. रविवारी सकाळी ती मोकळी असते.

तुझा,
बाबा